महिपतची तारीख

महिपत गेल्याचं कळलं तेव्हा कोंडाजींना वाटलं, पंधरा वर्षांच्या ओळखीत आपल्याला त्याच्याविषयी किती थोडं ठाऊक होतं! कापडे गावचा, भजनात पखवाज वाजवणारा, एवढंच.

महाडच्या वाचनालयातल्या फळ्यावर कोंडाजी रोज त्या दिवशीच्या गायक-वादकांचे जन्मदिन आणि पुण्यतिथ्या लिहीत. आताशा चार ओळींतच हात भरून येई. तरी एकदा महिपतचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत लिहायची त्यांना फार इच्छा होती. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी त्याला जन्मतारीख विचारली.

“एक जून. उद्याच की, तात्या!” महिपत हसला. “मास्तरांनी घातलेली. आमच्या वर्गात अठरा जणांची तीच हाय.”

“मग खरी सांग. खोटी तारीख मी फळ्यावर लिहीत नाही.”

“खरी आवडीला म्हायती, माझ्या थोरल्या बहिणीला.”

आठ दिवसांत महिपत गेला. आता त्याची एकच तारीख पक्की होती, आणि ती लिहायला कोंडाजींना खडू उचलवेना. एक जून लिहिली असती, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

त्या दिवशी मात्र ते दारापर्यंत जाऊन म्हणाले होते, “आवडीला विचार बरं का.”

“इचारतो ना. येतो आता, पोलादपूरची गाडी लागली.”