कुजबुज मास्तर

नाटकमंडळी तिच्या सासऱ्यांना कुजबुज मास्तर म्हणत. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर ठेवायची आणि नट अडकला की पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत हळूच पोचवायचं, हे त्यांचं काम. नाव नाही, टाळ्या नाहीत, पण मास्तरांचा सगळा जीव त्या स्टुलात.

मग रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं दाब उतरला, पण लघवीला सारखं उठावं लागे. मास्तरांनी गुपचूप तोड काढली: प्रयोगाच्या दिवशी गोळीला सुट्टी! व्हायचं तेच झालं. एका प्रयोगाला पडदा पडला आणि मागोमाग मास्तरही भोवळ येऊन पडले.

सून खनपटीलाच बसली, तेव्हा कुठे ते बोलले.

"अगं, मी उठून गेलो आणि नेमकं तेव्हाच कुणी अडकलं तर? त्यापेक्षा घरी बसतो."

आणि बसले. गोळी वेळेवर, दाब शहाण्यासारखा, माणूस मात्र मिटलेला. जेवतानासुद्धा नुसतं हूं नाहीतर उंहूं. असला चांगला दाब काय चाटायचाय, म्हणून ती चिडायची.

शेवटी तीच डॉक्टरांकडे गेली आणि आडपडदा न ठेवता बोलली. त्यांनी दुपारची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. "तरी एखाद वेळी उठावं लागेल," ते म्हणाले. मग तिनं नाटकातल्या मुख्य नटालाही सगळं सांगून टाकलं. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण प्रयोगाला आले. तीही विंगेत त्यांच्या स्टुलामागे उभी राहिली.

दुसऱ्या अंकात त्यांची चुळबुळ सुरू झाली. शरमलेल्या चेहऱ्यानं त्यांनी संहिता सुनेच्या हातात कोंबली आणि ते गेले. पुढे मुख्य नटाचं लांबलचक भाषण होतं, हमखास विसरायचं! आपल्याला ओळसुद्धा सापडायची नाही, हे तिला कळून चुकलं.

नटानं रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. शांतपणे चष्मा काढला आणि पुसू लागला. समोरची नटी उठून खिडकीशी गेली, बाहेर बघत उभी राहिली. कुणी बोलेना. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. केवढं मोठं दुःख आहे या माणसाला, असंच लोकांना वाटलं असणार. सुनेला मात्र खरं ठाऊक होतं. एका म्हाताऱ्या माणसाला मोरीतून परत येता यावं म्हणून ही माणसं भरलेलं थिएटर नुसत्या गप्प बसण्यावर तोलून धरत होती! असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

मास्तर धापा टाकत आले, बसले, कुजबुजले. भाषण सुरू झालं.

प्रयोगानंतर ते नटावर उखडले. "एवढं थांबायचं कुठे लिहिलंय?"

"तुम्ही उगाच घाई केलीत मास्तर," नट म्हणाला, "माझी दुसरी काच पुसायची राहिली होती."

मास्तरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर सगळ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.