दोन ठिपक्यांमधली वीत

गादीवाल्याच्या दुकानात टेप होती, खिळ्याला टांगलेली. तिचा उपयोग माश्या हाकलायला व्हायचा. माप घ्यायची त्याची बायको, आणि तेही वितीने. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, खडूची रेघ ओढायची. उशी म्हणजे तीन विती लांब, दोन विती रुंद. अख्ख्या गल्लीची डोकी तिच्या वितीवर निजायची.

ती गेली आणि कापायच्या फळीवर निळं कापड तसंच राहिलं. त्यावर खडूच्या चार रेघा, मधे तिच्या तीन विती.

घरात मात्र एकच विषय: आठवण म्हणून बाबांनी हातावर काय गोंदवायचं. मुलगी नमुन्यांचं पुस्तकच घेऊन आली. तिला आईचा चेहरा हवा होता, तोही लग्नातला, कारण त्यात आई बारीक दिसते. मेव्हण्याला पंख हवे होते.

"पंख कशाला? तिला जिना चढायचाही कंटाळा."

"दाजी, त्याला अर्थ असतो," मेव्हणा म्हणाला. त्याच्या दंडावर वाघ होता. त्याचा अर्थ काय, हे बहीण जन्मभर विचारत राहिली आणि तो जन्मभर बाही खाली ओढत राहिला.

चर्चा महिनाभर रंगली. गादीवाला ऐकून घ्यायचा आणि रोज फळीकडे बघायचा. खडू उडत चालला होता. त्याने पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, शिंक आली की तो बाहेर जाऊन शिंकायचा. तरी एक रेघ गेलीच.

"बाबा, टेपने मोजून आकडा लिहून ठेवा ना."

"आकडा लिहून ठेवायला ती काय गिऱ्हाईक होती?"

एका सकाळी शेजारशेजारच्या दोनच रेघा उरल्या. एकच वीत. गादीवाल्याने कापडासकट फळी उचलली आणि भरलेलं ताट न्यावं तशी आडवी धरून रस्त्याने निघाला. मागून मुलगी पुस्तक घेऊन, तिच्यामागून मेव्हणा आपले पंख घेऊन.

गोंदणाऱ्याने फळी न्याहाळली. "यातलं काय काढू?"

"या रेघेपासून या रेघेपर्यंत. हातावर दोन ठिपके."

"आणि मधे?"

"मधे काही नको. ती जागा लागते."

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. "दाजी, लोक म्हणतील डास चावला."

"दोनदा चावला म्हणावं."

गोंदणारा मात्र कामाचा माणूस. "काका, हात वाकला की कातडी आखडते. सरळ धराल तरच माप बरोबर येईल."

गादीवाल्याने बाही वर सारली. मग म्हणाला, "रागात असली की तिचीही वीत आखडायची. त्या दिवशीचे तोकडे अभ्रे अजून परत येतात. काढा."

हात बरा झाल्यावर त्याने निळं कापड पुन्हा पसरलं. डावा हात ताठ टेकवला, ठिपक्यापाशी खडू ओढला, हात सरकवला, पुन्हा ओढला. अभ्रा शिवून उशी आत घातली. चारही कोपरे भरले.

मेव्हण्याने उशी दाबून पाहिली आणि बाही खाली ओढली.

"आज राग नाही दिसत," गादीवाला म्हणाला आणि पुढचं कापड घेतलं.