दोन झाडांमधली अळी

बाई दातांच्या कवळ्या बनवायच्या. हात इतका हलका, की नाजूक काम आलं की डॉक्टर त्यांचंच नाव घेत. घरी थोरली बहीण मात्र म्हणायची, "हिला माणसांच्या तोंडापेक्षा अळ्यांच्या तोंडाची काळजी जास्त." ते काही खोटं नव्हतं. सुट्टी मिळाली की बाई गावाबाहेरच्या रानात पानं उलटीपालटी करत हिंडायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना एका खोडावर तांदळाच्या दाण्याएवढी तपकिरी नळी चिकटलेली दिसली. आत अळी होती. ही अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर पोखरून खाते आणि पानाच्याच तुकड्याचं असं नळीसारखं घर शिवून ते अंगावर वागवते. पुस्तकात अशा दोन जाती होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक ओकच्या झाडावर राहते, दुसरी बर्चच्या. नळी सापडली ते खोड मात्र तिसऱ्याच झाडाचं, आणि वर ओक-बर्चच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या.

बाईंनी नळी बरणीत घालून दोन्ही झाडांची कोवळी पानं ठेवली. अळीने एकालाही तोंड लावलं नाही. तिचं खाणं कधीच आटोपलं होतं. कोषात जायलाच ती खाली उतरली होती.

"उपाशी मारतेस की काय तिला?" बहिणीने विचारलं.

"ताई, तू जरा गप्प बस."

यथावकाश बरणीत एक करडा, चिमुकला पतंग दिसला. बाईंनी फोटो काढून एका जाणकारांना पाठवले. त्यांचा फोन आला. "पंखांवरून नाही सांगता येणार. पोटाचं टोक उघडून आतले अवयव बघावे लागतील. नर निघाला तर कळेल; माद्या दोन्ही जातींच्या सारख्याच."

बाईंच्या अगदी जिवावर आलं. तरी त्यांनी पतंगाला फ्रीजरमध्ये ठेवलं आणि नंतर कवळ्यांच्या कामातल्याच बारीक सुईने पोट उघडलं. मादी निघाली.

"मग माझाही इलाज नाही," जाणकार म्हणाले.

बाईंनी चिमटा टेबलावर आपटला. "फुकट मारलं मी तिला."

यावेळी बहिणीने थट्टा केली नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून तीही रानात आली, आणि बर्चचं पान खात असलेल्या अळीची नळी तिलाच सापडली. बाई हरखून गेल्या; या वेळी झाड तरी नक्की होतं. रोज ताजी पानं आणून त्यांनी ती जपली. शेवटी नळीतून बाहेर पडला तो एक काळा, लांब मिशांचा किडा. असल्या किड्याची आई अळीत अंडं घालते आणि पिल्लू अळीला आतून फस्त करतं.

बहीण बरणीत डोकावली. "हाच का गं तुझा पतंग?"

"नाही. पतंगाला खाल्लं त्याने."

"मग आता?"

"आता काय, कपाळ माझं."

गेल्या वर्षीच्या मादीला टोचून ठेवलेल्या टाचणीखाली त्यांनी चिठ्ठी लावली: कूळ माहीत, जात नाही. मग त्या बरणी घासायला घेऊन गेल्या, आणि बराच वेळ नळ चालू ठेवून घासतच बसल्या.