ओढ्याकाठचे शेंदरी दगड

ती घटना आठवली की आजही मी उठून खिडकीपाशी जातो आणि आभाळ बघतो. बायको म्हणते, बसा जरा. बसवत नाही.

मुळशीत मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भूगावच्या पुढे, उरवड्याकडच्या अंगाला एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या एका शेतकऱ्याने राडारोडा टाकून ओढा बुजवला, वर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि परराज्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या. पावसाळा तोंडावर असताना तो तक्रार घेऊन आला. कुणीतरी खोल्यांवर करणी केली आहे, शेंदूर फासलेले सात दगड मांडले आहेत, भाडेकरू घाबरून चालले आहेत. संशय चुलतभावावर.

आमच्या खबऱ्यानेही तेच नाव दिलं. चुलतभावाने शेंदूर घेतला होता म्हणे. त्याला ठाण्यात आणून दुपारभर बसवला. शेंदूर मारुतीसाठी घेतला, यापलीकडे तो हलेना. शेवटी चिडून म्हणाला, "आमची भावकी हाय, वैर बी हाय. पण साती आसरांच्या नावानं खेळ करायची छाती न्हाई माझी." आसरा म्हणजे पाण्याकाठच्या देवता. त्यांचं नाव घेताना त्याचा आवाज उतरला. मी त्याला सोडून दिला.

पंचनाम्यासाठी जागेवर गेलो. ज्याला घाबरवायचं असतं तो लिंबू, बिब्बा ठेवतो. इथे प्रत्येक दगडावर ताजं फूल होतं. शिवाय दगड दारांसमोर नव्हतेच. खोल्यांच्या मागे, चढावर, सगळे एकाच उंचीवर, जांभळीच्या बुंध्यापर्यंत ते एका ओळीत गेले होते. माझं डोकं चालेना. तक्रारदाराच्या ओसरीवर बसलो, त्याच्या आईने चहा आणला. कप घेताना तिच्या नखांत शेंदूर दिसला.

मुलाला बाहेर पाठवून मी विचारलं, "आजी, दगड कुणी मांडले?"

"मीच," ती म्हणाली. "लगीन होऊन आले त्या साली पाणी तितवर आलं व्हतं. त्या दगडांच्या खाली माणसानं निजू न्हाई. ल्योकाला सांगून थकले, त्याला वाटतं म्हातारी बरळती. ती परमुलखातली लेकरं हायेत, सायेब. त्यास्नी आमची भाषा कळत न्हाई. शेंदूर कळतो."

यावर कुठलं कलम लावणार? मुलाने मान खाली घालून तक्रार मागे घेतली, पण खोल्या काही पाडल्या नाहीत. तहसीलला मी अहवाल पाठवला, तो तिथेच पडून राहिला. मग बीटच्या हवालदाराला सांगून ठेवलं, ओढा चढायला लागला की दगडांच्या खालची एकूण एक खोली रिकामी करायची, माणसं शाळेत न्यायची. ऐन आषाढात ती वेळ आली. पाणी पत्र्यांना लागलं, भिंती बसल्या, पण आत कुणी नव्हतं. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पोरांना खिचडी खाताना बघून मला रडू आलं.

निवृत्तीनंतर यंदा सहज तिकडे गेलो. त्याच जागी पक्क्या खोल्या उभ्या आहेत. सातही दगड उचलून खाली रस्त्यालगत आणले आहेत, गाड्या लावायला सोयीचं म्हणून, आणि त्यांच्यावर टाइल्सचं छोटं देऊळ बांधलं आहे. भाडेकरू सकाळी हात जोडतात आणि रात्री ओढ्यात झोपतात. आजी काठीला टेकून उभी होती. "देव ठेवला," म्हणाली, "जागा न्हाई ठेवली."

नोटीस कुणी वाचत नाही, शेंदूर सगळे वाचतात, एवढं मी या प्रकरणातून शिकलो होतो. शेंदरालाही टाइल्स लावून गप्प करता येतं, हे आता कळलं. ठाण्यात फोन करावा असं मनात आलं. नवे साहेब आदराने ऐकून घेतील आणि अर्ज मागतील.

देवळातल्या दगडांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. मी नवे सात शोधून आणले. आजीने वाटीत शेंदूर आणि तेल कालवलं, मी तिला हात धरून चढावर नेलं. ती काठीने जागा दाखवत गेली, मी मांडत गेलो.

बोटांचा शेंदूर अजून नीट गेलेला नाही. आमच्याविरुद्ध तक्रार कधी येते आणि नवे साहेब पंचनाम्याला कधी निघतात, याची मी वाट बघतोय.