फ्रान्सच्या खेड्यात कावळा येते का

बायको गेली त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही सगळे शिवनाथ नदीच्या घाटावर उभे होतो. पिंड मांडला होता. कावळे झाडावर होते, ढीगभर होते, पण खाली एकही उतरत नव्हता. मग रीतच आहे, जो तो तिले शब्द देऊ लागला. तिची बहीण म्हणे, पोराकडे लक्ष ठेवतो. कोणी म्हणे, तुह्या साड्या वाटून टाकणार नाही. कावळे ऐकून राहिले होते अन् पंख खाजवून राहिले होते. ऊन डोक्यावर आलं. लोकांले भूक लागली होती, पण आधी कावळ्यानं खायले पाहिजे ना.

तेव्हा मी हळूच म्हटलं, "मी घर सोडून कुठं जात नाही. तू बिनघोर जा."

अन् नेमकं त्याच टायमाले बाजूले उभा असलेला माझा पोरगा ओरडला, "आई, बाबांले फॉरेन फिरवून आणतो!"

कावळा धपकन उतरला अन् चोच मारली.

पाहा आता. कावळा एक, चोच एक, अन् बोलणे दोन, तेही एकमेकाच्या उलटे. माझं कोणी ऐकलंच नाही. पोराचं सगळ्यांनी ऐकलं. घाटावर बाया रडता रडता म्हणू लागल्या, बिचारीचा जीव नवऱ्याच्या फॉरेनमध्ये अडकला होता. मी तिच्यासंग इतके वर्ष काढले, तिनं फॉरेन हा शब्द फक्त साबणाच्या बाबतीत काढला होता.

पण तिनं ऐकलं कोणाचं, हे मलेही ठाऊक नव्हतं. माझं ऐकलं असेल अन् मी निघून गेलो, तर मी तिले तोंडावर फसवलं. पोराचं ऐकलं असेल अन् मी बसून राहिलो, तर पोरगा खोटा पडला. हे समजल्याबिगर मी विमानात पाय ठेवणार नव्हतो. कोणाले सांगू? सांगतलं तर डॉक्टरकडे नेतील.

पोरगा बंगलोरले कंपनीत आहे, सूनबाई पण. दिवाळीत दोघं आले ते लॅपटॉप घेऊनच. पॅरिस नको, तिथं पायऱ्या लय आहेत अन् बाबांचे गुडघे गेले, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण गावाकडे जाऊ. फ्रान्सचं खेडं. तुम्हाला खेडं आवडतं ना?"

म्हटलं, "मले खेडं आवडत असतं तर भंडाऱ्याचं खेडं सोडून इथं स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या आगीपुढं काहून आलो असतो?"

तिनं तिथल्या भाड्याच्या घराचा फोटो दाखवला. दगडाची भिंत, वर लाकडाचे मोठमोठे फाटे, खाली पलंग. मी म्हटलं, हा तर गोठा आहे.

"होता, बाबा. आता लोक राहतात. खूप मागणी आहे."

"अन् गाई कुठं राहतात?"

पोरगा म्हणाला, "अरे यार बाबा, तुम भी ना."

पासपोर्टच्या फोटोले गेलो तर फोटोवाला म्हणते, काका, हसायचं नाही. म्हटलं, सध्या तीच सोय आहे, काढ.

स्मृति नगरच्या बगीच्यात माझ्यासंग बसणारा एक जुना गडी आहे, छत्तीसगढिया, प्लांटमध्ये माझ्याच शिफ्टमध्ये होता. त्यानं विचारलं, "कहाँ जाथस गा?" मी म्हटलं, गाँव. "कोन गाँव?" म्हटलं, फ्रान्स. त्यानं आमच्या बाजूच्याच गावाचं नाव घेतलं, "कुम्हारी के आगू हे का?"

"थोडा आगू," म्हटलं.

मग खरी अडचण निघाली. सूनबाईले ज्या हप्त्यात रजा मिळत होती, त्याच हप्त्यात बायकोचं वर्षश्राद्ध येत होतं. मले वाटलं, चला, सुटलो. पण पोरानं सेक्टर दहामधल्या पंडितजीले फोन लावला. पंडितजी म्हणाले, विदेश में भी हो जाएगा, आजकल सब हो रहा है, बस कौआ आना चाहिए.

मी म्हटलं, "मग विचार त्या घरमालकिणीले. कावळा येते का?"

गोठ्याची मालकीण एक म्हातारी बाई होती. तिचं फ्रेंच फोनच मराठी करून देत होता. पोरानं विचारलं, तुमच्या घरी कावळे येतात का. उत्तर आलं: "कृपया निश्चिंत राहा. कावळ्यांचा पूर्ण बंदोबस्त केलेला आहे. शेतात आवाजाची तोफ आहे."

"बोंबला," म्हटलं. "तोफ लावून बसली बाई."

सूनबाई म्हणाली, मी लिहिते नीट. तिनं लिहिलं, आम्हाला कावळा पाहिजे, त्या दिवशी आमच्या सासूबाई जेवायला येणार आहेत. उत्तर आलं: "सासूबाईंचे स्वागत आहे. जास्तीचा पलंग टाकून देऊ. त्यांना जिना चढता येतो का?"

सूनबाई हसू लागली, हसता हसता रडू लागली. पोरगा खिडकीकडे जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "लिही, जिन्याची गरज नाही, उडत येणार आहे."

शेवटी पोरानं सगळं खरं लिहिलं. आई मेली, वर्ष होते, पान ठेवतो, कावळा जेवला म्हणजे आई जेवली. मले वाटलं, आता बाई घाबरून घर द्यायले नाही म्हणते. दोन दिवस काही आलंच नाही. मग फोन वाजला. पोरानं मोठ्यानं वाचलं:

"माझा नवरा कावळे मारत होता. आता तो स्वतः मृत आहे. तोफ त्याची होती, मी बंद करीन. कावळे विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. शुल्क नाही."

पोरानं फोन माझ्यापुढं धरला. मग सूनबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता, बाबा?"

मी म्हटलं, काय? ती जरा मोठ्यानं म्हणाली, "आता जायचं ना, बाबा?"

अन् त्या मोठ्यानं बोलण्यानंच माझ्या डोक्यात उजेड पडला. बायकोले शेवटचे तीन-चार वर्ष ऐकू कमीच येत होतं. मशीन आणून दिलं तर ते कानात घालायच्या ऐवजी देवाजवळ ठेवायची. मी जेवायले काय आहे विचारलं तर ती म्हणे, पाऊस नाही आला. तिच्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांले ऐकू जाईल असं ओरडा लागे. अन् घाटावर मी काय केलं? तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. ओरडला कोण? पोरगा.

माझं तिनं ऐकलंच नाही. ऐकूच कसं येणार?

म्हणजे मी कोणाले शब्दच दिला नाही. हलकं वाटलं. अन् लगेच वाईटही वाटलं, कारण शेवटचं बोललो तेही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

"जाऊ," मी म्हटलं. "काढ तिकिटं."

पोरानं लगेच लॅपटॉप उघडला. त्याले वाटलं, बाप कावळ्यावर राजी झाला. वाटू दे.

"पण त्या बाईले एक विचार," म्हटलं. "तिच्या नवऱ्याले खायले काय आवडे? तिथं कोणी पान ठेवत नसेल त्याले. एक त्याचंही ठेवू. कावळे मारत होता, तर येतील का नाही, ते त्याचं नशीब."

त्यानं लिहिलं. उत्तर लवकर आलं: "ससा. मोहरीसोबत."

"पाळायले की खायले?"

"खायला, बाबा."

मी विचार केला. श्राद्धाच्या पानात खीर बसते, वडे बसतात, कढी बसते. ससा नाही बसत.

"लिही," म्हटलं, "मोहरी जमन. सशाच्या जागी वडा चालन का, विचार."