कांदेबागेचा फाटा

"दिलीप! ओ दिलीप! बाहेर निघ! माझ्या केळीला कांद्याचं औषध सांगून राहिला तुझा मोबाईल!"

जसोंडीचे भगवानकाका सिंधीपुऱ्याच्या गल्लीत उभे राहून असे ओरडत होते, की असीरगडावरची कबुतरं तापीपार उडाली असतील. मी आणि दिलीपची बायको सुनंदावहिनी दारात आलो. वहिनी म्हणाल्या, "काका, ते गेले... महिना होत आला." काकांचा मोबाईलचा हात हवेतच राहिला. मग ते पायरीवर बसले. "आता माझी केळी ही केळीच आहे, हे त्या मशीनला कोण सांगणार?"

ते काम माझ्या दोस्ताचं, आमच्या दिलीपचं. शेतीसल्ल्याच्या ज्या अ‍ॅपवर अर्धा जिल्हा आणि, माझ्या अंदाजाने, काही म्हशीसुद्धा विसंबून आहेत, ते शेतकऱ्याचं बोलणं समजायला एक फुकट लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा साठा, वापरतं. जगभरचे प्रोग्रामर मिळून ती चालवतात. शब्द फोडून अर्थ लावणं तिचं काम. तिने 'कांदेबाग' फोडली : कांदे आणि बाग. व्याकरणाला शंभर मार्क, शेतीला भोपळा! पावसाळा सरल्यावर लावलेली केळी म्हणजे कांदेबाग, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. मृगात लावलेल्या केळीला, म्हणजे मृगबागेला, तिने हरणांपासून कुंपण सुचवलं. दिलीपने मूळ लायब्ररीवाल्यांना कळवलं. उत्तर आलं : शब्द फार स्थानिक आहेत. "स्थानिक? अरे यार, केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात, शब्दच तेवढा जसोंडीत उतरतो का?" असं म्हणून त्याने लायब्ररीची नक्कल घेतली आणि आपल्या शब्दांचा वेगळा फाटा काढला; अ‍ॅपवाले तोच वापरू लागले.

फाटा काढणं सोपं, सांभाळणं कठीण. मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती आली, की आपल्या दुरुस्त्या तिच्यात पुन्हा हाताने बसवायच्या, नाहीतर कांदे परत हजर. दिलीप ते खिडकीतल्या टेबलापाशी, बनियनवर, मूळवाल्यांना प्रेमाने शिव्या घालत करायचा आणि जमलं की मावा जिलेबी मागवायचा. एकदा इतकी मागवली, की हलवायाने विचारलं, लग्न कोणाचं? "लग्न कुठलं? केळीचा आणि कांद्याचा घटस्फोट झालाय!"

तो गेला आणि पाठोपाठ नवी आवृत्ती आली. अ‍ॅपवाल्यांनी ती तशीच चढवली... म्हणून काका दारात.

वहिनी कॉलेजात कम्प्युटर शिकवतात. या फाट्याला त्या संसारभर 'माझी सवत' म्हणत आल्या. काकांच्या हातात चहा देऊन त्या सवतीसमोर, दिलीपच्याच खुर्चीत जाऊन बसल्या. आधी नुसती बोटं वाजत होती. थोड्या वेळाने शिव्या ऐकू आल्या, अगदी त्याच्याच चालीत, आणि पायरीवर काका डोळे पुसत हसले. दुपार कलताना त्यांच्या मोबाईलवर कांदेबागेची पुन्हा केळी झाली. काका दिलीपच्या नावाने असे ओरडले, की सकाळची कबुतरं परत आली म्हणे.

मी जिलेबी आणायला चपला घातल्या. म्हटलं, "वहिनी, जमलं ना? उठा आता."

स्क्रीनवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "मृगबाग अजून हरणांचीच दाखवतंय."