रामलिंगच्या घाटातल्या टाळ्या

आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ह्यांनी घाटाचा विषय काढला. विषय काढला म्हणजे काय, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "रामलिंगला दर्शनाला जाऊन यावं म्हणतो. लई दिवस झाले." आमटीची पळी धरलेला माझा हात थांबला. महादेवाला हात जोडायला जाणारा माणूस कापडी बूट धुऊन वाळत घालत नाही. ह्यांचे बूट सकाळपासून गच्चीवर ऊन खात होते.

"दर्शन देवाचं का इंजिनाचं?" मी विचारलं.

"दोन्हीचं," हे म्हणाले आणि आमटी वाढायची खूण केली.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ मात्र विसरा. आणि ह्यांचं सगळं प्रेम चढावर. जित्याची खोड, एवढंच मी म्हणाले आणि पुढचं गिळलं. त्या म्हणीचा उरलेला भाग आजारपणानंतर मी एकदाही तोंडातून काढला नव्हता.

लातूरला पूर्वी छोटी, नॅरोगेजची गाडी होती. तिचे रूळ उखडून बरीच वर्षं झाली. मोठी गाडी आली आणि ती दुसऱ्याच वाटेनं गेली. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात छोट्या गाडीची नुसती वाट उरली आहे, खडी, झुडपं आणि दगडी पूल. पण ह्यांच्या डोक्यातली गाडी काही बंद पडली नाही. त्यातही पॅसेंजरशी ह्यांना देणंघेणं नाही, सगळा जीव मालगाडीच्या इंजिनावर. "पॅसेंजरचं इंजिन पळतं, मालगाडीचं ओढतं," हे वाक्य हे कुणालाही ऐकवतात, ऐकणारी बाई परकराचं कापड घ्यायला आलेली असली तरी. आमचं कापडाचं दुकान आहे, आणि ते आजवर चाललं ते माझ्यामुळे, हे इथं सांगून टाकते.

ह्यांची आत्या येडशीला राहायची. शाळेच्या सुट्टीत हे तिच्याकडे जायचे आणि बार्शीकडून मीठ नि सिमेंट घेऊन घाट चढणाऱ्या मालगाडीच्या बाजूनं चालायचे. पळायचे नाहीत, चालायचे. गाडीच तेवढी सावकाश. एका वळणावर चढ अंगावर यायचा, चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, मग इंजिनातून रुळावर वाळू पडायची, चाकं रूळ धरायची आणि गाडी पुन्हा हलायची. तरीही नाही जमलं तर गाडी मधून तोडायची, अर्धी वर नेऊन ठेवायची आणि इंजिन उरलेल्या अर्धीसाठी परत खाली आणायचं. हे मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय की ती गाडी मीच चालवत होते असं वाटायला लागलंय.

ह्यांना ह्यांच्यासारखेच दोघं भेटले. एक नांदेडचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांचा जीव मीटरगेजवर. दुसऱ्यांचं मुखेडला बियाण्याचं दुकान आहे. अंगानं पैलवान, बोलायला कमी, आणि चारचाकी त्यांची. आम्ही त्यांना मुखेडकर म्हणतो. दरवर्षी थंडीत तिघं घाटात जायचे. सर म्हणायचे, "तुमची कसली रेल्वे शेठ, बैलगाडीला शिट्टी बसवली की झाली छोटी गाडी!" आणि हे म्हणायचे, "सपाटीवर कुणीबी पळतंय सर. घाटात या." एवढ्यावर दोघांचं वर्षभर पुरायचं.

शेवटी मी एकाच अटीवर हो म्हटलं, मीही येणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्या घाटात एकदाही गेले नव्हते. ह्यांना आनंदच झाला. त्यांना वाटलं मला इंजिनाची गोडी लागली. मी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या एका पुडीत घेतल्या, तशीच दुसरी पुडी केली, एक कमरेला खोचली आणि एक पिशवीत टाकली. रात्रभर हे शांत झोपले आणि मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिले. तसं मी रोजच करत होते.

सकाळी आधी महादेवाचं दर्शन झालं. माकडांनी सरांच्या हातातला नारळ पळवला, त्यावर हे खो खो हसले, आणि मला बरं वाटलं. मग गाडी वरच्या अंगाला लावून आम्ही जुन्या वाटेवर आलो. ठरल्याप्रमाणे वरच्या सपाटीवरच फिरायचं होतं. हे दहा पावलं चालले, वाकून खडी हातात घेतली, हुंगली, आणि म्हणाले, "पुलापर्यंत जाऊ. उतारच तर हाय."

"उतरलेलं चढावंबी लागतंय," मी म्हणाले.

"वहिनी, फिकीर करू नका," सर म्हणाले. "आम्ही हाव ना."

सरांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. उतरताना हे पुढे होते. कुठे पाण्याची टाकी होती, कुठे ड्रायव्हर गाडी थांबवून ब्रेक तपासायचा, सगळं दाखवत होते, आणि दाखवायला तिथं काहीही नव्हतं. बाभळी होत्या. मला मात्र प्रत्येक पावलाला एकच दिसत होतं, की हे पाऊल परत येताना चढायचं आहे. पुलावर पोचल्यावर सरांनी फोटो काढले. मी फोटोत हसलेय असं नंतर दिसलं. कशी हसले देव जाणे.

परतीला मी ह्यांच्या मागे राहिले, म्हणजे खांदे दिसतात. हे दमानं चढत होते, मध्ये थांबत होते, थांबल्यावर आधी मागं वळून मला दाखवायचे की आपण ठीक आहोत. अर्ध्यावर ते चाकं घसरायचं वळण आलं.

इथं ह्या तिघांचा एक रिवाज. वळणावर थांबायचं आणि ह्यांनी मालगाडीचं इंजिन करून दाखवायचं. आवाज तोंडाचा नाही, छातीतून यायचा. लातूरच्या लग्नांतसुद्धा लोक ह्यांना आग्रह करतात. मी म्हटलं, "आज नको."

"वहिनी, आवाजच तर काढायचा हाय, डबे थोडेच ओढायचेत?" सर म्हणाले. हे माझ्याकडे बघून हसले, आणि सुरू झाले.

छक्. मग बराच वेळ काही नाही. छक्. मग आणखी जड, आणखी सावकाश, जसं पोतं पाठीवर घेतलेला हमाल जिना चढतो. मग चाकं घसरली, छकछकछकछक, आणि एकदम शांत. इथं हे नेहमी दोन्ही तळहात एकमेकांवर घासतात, ती रुळावर पडणारी वाळू. मग खोल श्वास घेतात, आणि गाडी हलते.

ह्यांनी हात घासले नाहीत. एक हात बाभळीच्या खोडावर ठेवला आणि मान खाली घातली.

सरांनी टाळ्या वाजवल्या. मुखेडकरांनीही वाजवल्या. "वा शेठ! आजवर असं कधी जमलं न्हवतं! साक्षात उभं केलंत!" सर ओरडले. आणि टाळ्या ऐकून हे हसले. मान खालीच, पण हसले.

मी त्या पुढच्या छकची वाट बघत होते. तो आला नाही. थंड वारं सुटलं होतं आणि ह्यांच्या कानामागून घामाची धार गळ्यात उतरत होती. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण सरांच्या टाळ्या हवेत तशाच राहिल्या.

पुडी माझ्याच हातांनी सुटेना. मुखेडकरांनी ती दातानं फाडली, मी गोळी जिभेखाली सरकवली. ह्यांना बसवलं. ओठ मातीसारखे झाले होते. "चालतो मी," हे पुटपुटले, आणि मुखेडकर म्हणाले, "गप्प बसा शेठ." त्या अबोल माणसानं ह्यांचे हात आपल्या खांद्यांवरून पुढे ओढून ह्यांना पाठंगुळी घेतलं, आणि सर, त्या वयात, दोन्ही हातांनी मागून रेटत राहिले. घाटात गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचे, हेही मी शंभरदा ऐकलं होतं. ते नेमकं त्या वेळी आठवलं आणि माझा मलाच संताप आला. महादेवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. नवस बोलले की शिव्या दिल्या, मला खरंच ठाऊक नाही.

गाडीत मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सर पुढे बसून रडत होते. दवाखाना येईपर्यंत ह्यांना बोलू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण एक गोष्ट मला आत्ताच हवी होती.

"कळ कधीपासून येत होती?" मी विचारलं.

"पुलापासून," हे म्हणाले.

"मग त्या वळणावर तरी सांगायचं की हो! हात वर करायचा!"

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी छातीवर हात ठेवला.

"सांगणारच होतो," हे म्हणाले. "तेवढ्यात त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कसं सांगू?"

अजूनही रात्री जाग आली की मी ह्या वाक्यावर ह्यांच्याशी मनातल्या मनात भांडते आणि हरते.

डॉक्टरांनी दुसरी नळी उघडली. "वेळेत आणलंत," म्हणाले. महिनाभर सर रोज नांदेडहून फोन करायचे. ह्यांच्याशी बोलायचे नाहीत, मलाच विचारायचे, "वहिनी, आज कसं हाय?" आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांचा श्वास ऐकू यायचा.

गेल्या आठवड्यात दोघं घरी आले. चहा झाला, चिवडा झाला, मीटरगेज का नॅरोगेज हेही झालं. मग हे खुर्चीत सरसावून बसले. मी नको म्हटलं, सर नको म्हणाले, मुखेडकरांनी नुसती मान हलवली. "डॉक्टरला विचारलंय मी. बसल्या जागी चालतंय," हे म्हणाले, आणि सुरूच केलं.

गाडी चढाला लागली. आवाज जड होत गेला. चाकं घसरली. हे थांबले.

खोलीत कुणी हललं नाही. सर पुढे झुकले होते, मुखेडकर खुर्चीतून अर्धे उठले होते, मी कमरेची पुडी घट्ट धरली होती. तिघंही ह्यांच्या छातीकडे बघत होतो. ह्यांनी तळहात घासले, छाती वर आली, छक्, आणि गाडी हलली, आणि एकदाची वर पोचली.

ह्यांनी हसत आमच्याकडे एकेकाकडे बघितलं.

"आज टाळ्या न्हाईत का रे?"

कुणालाच वाजवता आल्या नाहीत.